आमचं मत कुणी खाल्लं नाही

निकाल लागला की पेपरातले पंडित म्हणतात, वंचितनं मतं खाल्ली, भोळी माणसं भावनेत वाहून गेली. हिंगोलीचा हिशेब मांडू. २०१९ च्या लोकसभेला शिवसेना ५ लाख ८६ हजार, काँग्रेस ३ लाख ८ हजार, वंचित १ लाख ७४ हजार. काँग्रेस-वंचितची बेरीज केली तरी शिवसेना लाखानं पुढं. त्याच वर्षी विधानसभेला कळमनुरीत वंचित दुसरी अन् काँग्रेस तिसरी. मग कुणी कुणाची खाल्ली? २०२४ ला वंचितनं दीड लाखाच्या वर घेतली, तरी मशाल आलीच.

मत खायला ते आधी तुमच्या ताटात असावं लागतं. गायरानाचा जीआर १९९१ चा, वनहक्क कायदा २००६ चा. राज्य दोघांनीही केलं. दावे प्रांताकडं पडून, अन् २०२२ ला वरून अतिक्रमणाच्या नोटिसा! म्हणून माणूस तिसरं बटण दाबतो. वंचित त्याला फार आवडते असं बी नाही. उमेदवार पडणार हे त्याला पंडितांच्या आधी कळतं. पुढच्या खेपेला मोठ्या पक्षांनी सातबाऱ्याचं बोलत दारात यावं, एवढ्यासाठी ते मत असतंय. यात भोळं काय आहे?