लेकरांना मासे धरायला नेलं तर पंचशील मोडतं का?



सिन्नरमधल्या आमच्या विहारात वर्षावासात रविवारी संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन असतं. परवाच्या रविवारी वंदना झाली, पंचशील म्हणून झालं आणि वाचन सुरू होण्याआधी एक ज्येष्ठ काका उभे राहिले. विहाराच्या पायाचे दगड वाहणाऱ्यांपैकी ते एक आहेत. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणून नाव लिहीत नाही. माझ्या धाकट्या भावाकडे हात करून ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पंचशील घेतोस आणि लेकरांना मासे मारायला शिकवतोस? असल्या माणसाने विहारात पुढं बसू नये."

झालं होतं एवढंच. माझा भाऊ माळेगावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहे. आठवड्यातून एक सुट्टी. त्या दिवशी तो स्वतःच्या पाच वर्षांच्या मुलीला आणि माझ्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन देवनदीच्या बंधाऱ्यावर गेला. बांबूची काठी, नायलॉनचा दोरा, गळ आणि डब्यात गांडुळं. दुपारपर्यंत दोन चिलापी आणि एक मरळ मिळाली. मरळ हातात धरलेल्या पोरीचा फोटो त्याने व्हॉट्सअॅप स्टेटसला ठेवला आणि तो काकांनी पाहिला.

भाऊ काही बोलला नाही. दहावीनंतर त्याची शाळा सुटली. ग्रंथातलं काढून उत्तर देणं त्याला जमत नाही. मान खाली घालून तो मागच्या रांगेत जाऊन बसला. घरी जाताना गाडीवर पोरीने विचारलं, "पप्पा, आपण पापी आहोत का?"

या प्रश्नासाठी हा लेख लिहिते आहे. आपल्या आजा-पणजाला 'तू जन्मानेच पापी' असं सांगणारा धर्म आपण १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात सोडला. सत्तर वर्षं होत आली. आणि तोच शब्द आज आपल्या पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडात विहारातून येतो, तर चूक पोरीची नाही आणि माशाचीही नाही.

आधी बाबासाहेबांनी काय सांगितलं ते पाहू. बावीस प्रतिज्ञा आपल्याला पाठ आहेत. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा त्यात आहे. चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही, हेही वेगवेगळं सांगितलं आहे. पण मांस-मासे खाणार नाही अशी प्रतिज्ञा बावीसमध्ये कुठंही नाही. बाबासाहेबांसारखा घटनेच्या कलमा-कलमाचा विचार करणारा माणूस ही गोष्ट विसरला असेल का? ज्यांना दारूचं स्वतंत्र कलम घालायचं सुचलं, त्यांना मटणा-माशाचं कलम घालायचं असतं तर त्यांनी घातलं असतं.

विसरण्याचा प्रश्नच येत नाही, कारण ज्या ग्रंथाचं वाचन थांबवून काका बोलले त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेवर स्वतंत्र लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की बुद्धाने अहिंसेला तत्त्व मानलं, नियम नाही. तत्त्व माणसाला विचार करायला मोकळीक देतं, नियम देत नाही. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बुद्ध फरक करतो, असं ते दाखवतात. निव्वळ मारण्याच्या हौसेसाठी मारणं बुद्धाने निषिद्ध मानलं. भिक्षूंनी भिक्षेत मिळालेलं मांसही खाऊ नये असा हट्ट देवदत्ताने धरला आणि बुद्धाने तो फेटाळला, हेही बाबासाहेब तिथंच नोंदवतात. म्हणजे मांसबंदीची मागणी संघात आली होती. ती करणारा देवदत्त होता आणि नाकारणारा बुद्ध!

आपण म्हणतो त्या शीलातही 'सिक्खापदं' असा शब्द आहे. सिक्खापद म्हणजे शिकण्याचा पाठ. तो मी स्वतःहून घेते. तो काही तहसीलदाराचा हुकूम नाही, की मोडला म्हणून कुणीतरी मला मागच्या रांगेत बसवावं.

आता काकांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मीच देते. लपवून वाद जिंकायचा नाही. 'उदान' या पाली ग्रंथात एक लहानसं सुत्त आहे. भिक्षेला निघालेल्या बुद्धाला श्रावस्ती आणि जेतवन यांच्यामधल्या वाटेवर पुष्कळ मुलं माशांमागे लागलेली दिसतात. बुद्ध त्यांच्याजवळ जातो आणि विचारतो, पोरांनो, तुम्हाला दुःखाची भीती वाटते का? दुःख नकोसं वाटतं का? मुलं हो म्हणतात. मग बुद्ध त्यांना सांगतो की दुःख नको असेल तर उघड किंवा लपून वाईट कर्म करू नका.

हे सुत्त वाचून मीही थांबले. पण नीट पाहा. मूळ पालीत मुलं माशांना 'बाधेन्ति' असं आहे. आपल्या मराठीतल्या 'बाधा'शी नातं सांगणारा हा शब्द आहे. बाधेन्ति म्हणजे छळतात, त्रास देतात. घरी चूल पेटायची वाट बघत बसलेल्या आईसाठी मासा नेणारी ही पोरं नाहीत. ती खेळ म्हणून जिवाला छळत आहेत. इच्छा आणि गरज हा बाबासाहेबांनी दाखवलेला फरक इथं बरोबर लागू पडतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बुद्ध मुलांशी कसा बोलतो. तो रस्त्यात थांबतो. मुलांना 'पापी' म्हणत नाही, त्यांच्या बापाला चारचौघांत उभं करत नाही, मागं बसा म्हणत नाही. तो त्यांना प्रश्न विचारतो आणि उत्तर त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून काढतो. आमच्या विहारात नेमकं उलट घडलं. प्रश्न पोरीला पडला आणि उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही.

कुणी म्हणेल, ताई, खाणं चालेल पण स्वतःच्या हाताने मारणं चालणार नाही. भिक्षूंना मांस चालत होतं ते त्यांच्यासाठी मुद्दाम मारलेलं नसेल तरच. मान्य. पण तो विनय भिक्षा मागून जगणाऱ्या भिक्षूसाठी आहे. आपण बाजारात पैसे मोजून मासा घेतो. आठवडे बाजारात भोई-कोळी समाजाची बाई समोर बसून मासा साफ करून देते, खाटीक कोंबडी कापून देतो. आपण पिशवी हलवत घरी येतो आणि रस्सा ओरपतो. मग मारल्याचं पाप कुणाचं? त्या बाईचं? खाटकाचं?

मित्रांनो, जातिव्यवस्था याच युक्तीवर उभी राहिली ना! वापरायचं सगळ्यांनी, पण हात घाण करायचे ठरावीक जातींनी, आणि मग हात घाण म्हणून त्यांनाच खाली बसवायचं. चामड्याची चप्पल सगळ्यांना हवी होती, ढोर ओढणारा मात्र वेशीबाहेर. जी माणसं या व्यवहाराखाली पिढ्यानपिढ्या भरडली गेली, त्यांच्याच विहारात 'विकत घेतलेला मासा शुद्ध, धरलेला मासा पाप' असा हिशोब मांडला जात असेल तर आपण धम्माच्या नावाने जातच शिकवतो आहोत. माझा भाऊ निदान स्वतःच्या ताटातल्या माशाची जबाबदारी स्वतःच्या हातावर घेतो.

हा हिशोब आला कुठून? समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला एम. एन. श्रीनिवास यांचं संस्कृतीकरण शिकवलं. खालच्या मानलेल्या जाती वरच्या जातींचे आचार, खाणंपिणं उचलतात, वगैरे. श्रीनिवासांचं कूर्गवरचं पुस्तक १९५२ चं. त्याच्या ३६ वर्षं आधी, ९ मे १९१६ ला, कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचताना बाबासाहेबांनी जात पसरण्याचं एक कारण अनुकरण हेच सांगितलं होतं. वरच्याचं पाहून खालचा दार लावून घेतो. पुढं १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरच्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की ब्राह्मणांचा शाकाहार हा दयेतून आलेला नव्हता. बौद्ध भिक्षूंवर मात करण्यासाठी टाकलेला तो डाव होता. तोच डाव आज आपण 'बौद्ध आचार' समजून घरात घेतो आहोत!

आणि हा नुसता विहारातला वाद नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं. काही धार्मिक मंडळींनी आरडाओरडा केला. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा पैसाच काढून घेतला आणि शाळांना सांगितलं, द्यायचं असेल तर लोकवर्गणीतून द्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, कल्याण-डोंबिवलीसह काही महापालिकांनी मांसविक्री बंद ठेवण्याचे आदेश काढले. दुसरीकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. ही मुलं कोणत्या वस्त्यांमधली आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्यांच्या ताटातलं अंडं सरकार काढतं, त्यांच्या ताटातला फुकटचा मासा आता विहाराने काढायचा का?

'बाबासाहेबांनीच तर मांस सोडायला सांगितलं' असंही काही जण सांगतात. त्यांनी महाड पुन्हा वाचावं. मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते मेलेल्या ढोराचं मांस आणि गावाने टाकलेले शिळे तुकडे. त्या घासात लाचारी होती. बंधाऱ्यावर स्वतःच्या हाताने धरलेल्या ताज्या मरळीत कुणाची लाचारी आहे?

महाडचं नाव निघालं म्हणून पाण्याबद्दलही बोलते. २० मार्च १९२७ ला आपली माणसं चवदार तळ्यावर पाणी प्यायली. त्यानंतर तळं बाटलं म्हणून १०८ घागरी उपसून, शेण-गोमूत्र ओतून ते 'शुद्ध' करण्यात आलं. जनावरं त्या तळ्यावर येत होती, मासे त्यातच जगत-मरत होते, तेव्हा ते बाटलं नाही. बाटलं ते माणसाच्या ओंजळीने. आमच्या आजोबांना गावच्या विहिरीच्या काठावर चढू दिलं नाही. म्हणून त्यांना पोहता आलं नाही, वडिलांनाही नाही. भाऊ मोठेपणी पोहायला शिकला. त्यामुळे त्याची पोरगी काठावर बसून पाण्यात दोर टाकते, तेव्हा मला त्यात हिंसा दिसत नाही. मला दिसतं की चौथ्या पिढीत आमचं लेकरू पाण्याला न घाबरता बसलं आहे आणि त्याला कुणी हाकललेलं नाही.

लेकरांच्या बाबतीत हिंसाच शोधायची असेल तर लांब जायला नको. शेजारच्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं २०२२ मध्ये उघडकीला आलं. तेही दहा वर्षांच्या एका मुलीचा जीव गेल्यावर. आपल्या किती विहारांत त्यावर कुणी उभं राहून बोललं? बापाच्या शेजारी बसून गळ टाकणारं मूल वेगळं आणि कामाला जुंपलेलं मूल वेगळं. पहिल्याला शिव्या आणि दुसऱ्याबद्दल गप्प, ही कसली करुणा?

म्हणून सगळंच चालतं असं मी म्हणत नाही. भावाशी माझंही भांडण आहे. पोरं नेतोस तर पाण्याची भीती नको पण धाक असू दे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याकडे फिरकायचं नाही. त्या उतारावरून पट्टीचा पोहणाराही वर येत नाही आणि आपल्या भागात दरवर्षी पोरं त्यात जातात. एका मोठ्या माणसामागे दोनच मुलं. पाण्यात करंट सोडणं, ब्लीचिंग पावडर टाकणं, सुतळी बॉम्ब फोडणं हे आपल्या पोरांनी पाहायचंसुद्धा नाही. पावसाच्या सुरुवातीला अंडी घालायला चढणारे मासे सोडून द्यायचे, बोटाएवढी पिल्लं परत पाण्यात टाकायची. घरी खाणार तेवढंच धरायचं. धरलेला मासा तडफडत ठेवून सेल्फी काढायची नाही, लगेच मारायचा. हौस म्हणून गळाला लावायचा आणि फाटक्या तोंडाने सोडून द्यायचा, हे तर मुळीच नको. 'बाधेन्ति' ते हेच.

आणि मुलाने विचारलं की माशाला दुखतं का, तर खरं सांगायचं. हो, दुखतं. म्हणून जास्त धरायचे नाहीत, वाया घालवायचे नाहीत. एवढं ऐकूनही मूल म्हणालं की मला मासा नको, तर त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही. श्रावस्तीच्या वाटेवर थांबलेल्या माणसाला मुलांकडून विचारच तर हवा होता.

पुढच्या रविवारी मी विहारात अहिंसेचं प्रकरण मोठ्याने वाचायला मागणार आहे. काकांना शेजारी बसवून, आणि लेकरांना सगळ्यांच्या पुढं. भावाला सांगितलं आहे, तूही पुढंच बसायचं. तुमच्याही विहारात कुणाला ताटातल्या घासावरून मागं बसवलं जात असेल, तर ग्रंथ उघडा आणि त्याच्या शेजारी जाऊन बसा.

जयभीम! नमो बुद्धाय!