पाटीवरील शेवटची ओळ

सुटी लागली कीं मुलांना घेऊन प्राणिसंग्रहालयास जाण्याचा परिपाठ बहुतेक घरांत आहे. वाघाच्या पिंजऱ्यापुढें दाटी होते, आणि काळविटांच्या आवारावरून मंडळी ‘हरणें, हरणें’ म्हणत पुढें सरकतात. तेथें कुंपणाला एक पाटी असते व तिच्यावर पांचसहा ओळी असतात : काळवीट, शास्त्रीय नांव अँटिलोपे सर्व्हिकाप्रा, आहार गवत, गर्भकाळ सुमारें सहा महिने, आढळ गवताळ प्रदेश. ही पाटी वाचकांनीं घटकाभर थांबून वाचावी, एवढीच आमची ह्या महिन्यांतील विनंति आहे.

काळवीट हें खरें हरिण नव्हे. चितळ, सांबर यांचीं शिंगें फांद्यांचीं असून दर वर्षीं गळतात व पुन्हां येतात. काळविटाचीं शिंगें बिनफांद्यांचीं, पिळदार. तीं एकदां आलीं कीं जन्मभर राहतात. त्याचें जवळचें नातें शेळ्यामेंढ्यांच्या व गाईम्हशींच्या कुळाशीं आहे. लिनियसनें १७५८ सालीं त्यास जें लॅटिन विशेषण दिलें त्याचा अर्थच मुळीं ‘हरिण-बकरी’ असा होतो. आणखी एक गोष्ट मुलांस सांगावी. आवारांतील काळा प्राणी एका जातीचा व बदामी दुसऱ्या जातीचा, असें नाहीं. नर वयांत येतां येतां काळा पडत जातो, मादी बदामीच राहते. (ह्या बाबतींत वडील मंडळीही मोठ्या आत्मविश्वासानें चुकीची माहिती देतांना आढळतात.)

आपल्या घरांना हा प्राणी परका नाहीं. ब्राह्मण बटूचें अजिन एणाचें, म्हणजे काळविटाचें, असावें असें आश्वलायन गृह्यसूत्रांत सांगितलें आहे. आणि जेथें कृष्णसार मृग स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञास योग्य, असें मनुस्मृति म्हणते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळविटाची शिकार व कातड्याचा व्यापार हे गुन्हे ठरले आहेत. तेव्हां मुंजीच्या खरेदीच्या यादींत कोणी खरें कृष्णाजिन लिहिलें असेल, तर तें खुशाल खोडावें.

परंतु मनुस्मृतींतील त्या वचनांत प्राण्याइतकेंच महत्त्व भूमीला आहे, आणि पाटीवरील शेवटची ओळ नेमकें तेंच सांगते. काळविटाचा सारा भरंवसा डोळ्यांवर आणि पायांवर. शत्रु दुरून दिसला पाहिजे व धांवावयास मोकळें रान मिळालें पाहिजे. मग तें ताशीं ऐशीं किलोमीटरपर्यंत वेग घेतें. नवजात पाडस मात्र पळत नाहीं. आई त्यास उंच गवतांत दडवून चरावयास जाते. अशा भूमीला आपण काय म्हणतों? पडीक! सरकारी दप्तरांतही माळरानाची नोंद बहुधा ह्याच सदरांत होत आली. पडीक म्हटलें कीं तेथें कारखाना काढण्यास हरकत नाहीं. आणि ज्यांचा हेतु निर्मळ असतो ते खड्डे खणून झाडें लावतात. वृक्षारोपणाचे आम्हीही चाहते आहों. परंतु माळावर दाट झाडी वाढली कीं खालचें गवत विरळ होतें, दृष्टि अडते, आणि काळवीट तेथून निघून जातें. गुजरातेंतील वेळावदर हें भावनगर संस्थानचें जुनें गवती रान. १९७६ सालीं तें राष्ट्रीय उद्यान झालें, तरी परदेशांतून आलेल्या वेड्या बाभळीशीं तेथें सतत झगडावें लागतें.

प्राणी परत आणतां येतो. पाकिस्तानांत रानटी काळवीट नाहींसें झालें, तेव्हां अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत पूर्वीं नेऊन सोडलेल्या कळपांच्या वंशांतून कांहीं तिकडे पाठविण्यांत आलीं. कोल्हापुरास काळविटांच्या शिकारीसाठीं चित्ते पाळीत. भारतांतील चित्ता १९५२ सालीं नामशेष म्हणून जाहीर झाला, आणि २०२२ सालीं आफ्रिकेंतून आणून कुनोच्या रानांत सोडण्यांत आला. विमानांत बसवून कुरण मात्र आणतां येत नाहीं. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यांत, कर्जत तालुक्यांत, रेहेकुरी येथें १९८० सालीं काळविटांसाठीं अभयारण्य झालें. त्याचें क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरही नाहीं. कळप साहजिकच हद्द ओलांडून शेतांत उतरतात. आणि ज्याची ज्वारी ते खातात त्या शेतकऱ्यानें काय करावें, हें शहरांतील आपणां मंडळींस विचारून चालणार नाहीं.

संग्रहालयाची पाटी वाचून झाल्यावर मुलांना एकदां रेहेकुरीस न्यावें. पुण्याहून एका दिवसांत जाऊन येतां येतें. पाऊस सरल्यावर, गवत उभें असतांना, भल्या सकाळीं पोंचलेलें बरें. डोक्यास टोपी असावी व पाणी भरपूर घ्यावें. सावलीची फारशी अपेक्षा ठेवूं नये.