मंडळाच्या शिक्षेची वेस

गावातील रहिवाशांनी वर्गणी काढून चालवलेले मंडळ, मग ते ग्रामस्थ मंडळ असो, भजनी मंडळ असो, क्रीडा मंडळ असो की वाचनालय, स्वेच्छेने उभे राहिलेले असते. त्याच्याजवळ पोलीस नसतात, तुरुंग नसतो, आणि सदस्याने नियम पाळावेत यासाठी सदस्यत्वाखेरीज दुसरे साधन त्याच्या हाती नसते. हे साधन कसे वापरावे याविषयी शहापूर तालुक्यात मुरबाडच्या अंगाला असलेल्या किन्हवली परिसरात, आणि खरे तर ठाणे जिल्ह्याच्या साऱ्याच ग्रामीण भागात, अलीकडे एक मत मोठ्या आत्मविश्वासाने मांडले जाते. ते मत घातक आहे, आणि ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते पटते म्हणून त्याचा समाचार घेणे आवश्यक आहे.

ते मत थोडक्यात असे: नियम मोडला की नाव कापावे. गावात कोण काय करतो हे सर्वांना माहीत असते, तेव्हा नोटीस, खुलासा आणि चौकशी यांत वेळ घालवू नये. एकाला सोडले तर दहा जण शेफारतात. कागदपत्रे ही शहराची खोड आहे, गावचा निवाडा पूर्वीपासून चार जाणत्यांच्या तोंडीच होत आला. मंडळ ही सदस्यांची घरची गोष्ट असल्याने कायद्याने त्यात डोकावू नये. आणि ज्याचे नाव कापले त्याच्याशी गावाने फारसा संबंध ठेवू नये, म्हणजे जरब बसते. या मताचे पुरस्कर्ते त्याला शिस्त म्हणतात. वस्तुतः ते शिस्तीचे नसून घाईचे तत्त्वज्ञान आहे.

सर्वांत आधी ‘सर्वांना माहीत आहे’ या विधानाकडे पाहिले पाहिजे, कारण उरलेला सारा डोलारा याच एका खांबावर उभा आहे. मंडळाच्या भांड्यांचे उदाहरण घेतल्यास या माहितीचे स्वरूप स्पष्ट होते. बहुतेक मंडळांकडे लग्नकार्यासाठी सामाईक भांडी असतात: भाताचे मोठे टोप, पातेली, झारे, पळ्या, पाण्याची पिंपे, ताटांचे गठ्ठे आणि सतरंज्या. भांड्याच्या कडेला मंडळाचे नाव टोचून घातलेले असते आणि देवघेवीची नोंद एका वहीत होते, जिच्यात तारीख, नेणाऱ्याचे नाव, नेलेले नग, परत आलेले नग आणि सही असे रकाने आखलेले असतात. आता लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते आणि त्याच दिवसांत भातशेतकऱ्याची राब भाजण्याची धांदल चालू असते; राब म्हणजे भाताचे रोप करण्याच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या आणि शेण पसरून ते जाळणे, ज्यामुळे तण मरते आणि जमिनीला राखेचे खत मिळते. भांड्यांच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे असते तो शेतकरीच असतो, त्यामुळे भांडी परत येतात तेव्हा तो राबावर असतो, किल्ली घरातल्या पोराच्या हाती असते, नग घाईत आत ठेवले जातात आणि परतीच्या रकान्यात सही राहून जाते. आठवड्याने दुसऱ्या घरच्या कार्याला एक टोप आणि दोन पळ्या कमी भरतात, तेव्हा त्या कोऱ्या रकान्याकडे बोट दाखवले जाते, आणि संध्याकाळपर्यंत मागच्या कार्यवाल्याने मंडळाचा टोप दाबला हे ‘सर्वांना माहीत’ होते.

या माहितीचा उगम काय, तर एक न झालेली सही. टोप परत आला की नाही, आला असल्यास खोलीतून पुढे कोणी उचलला, पळ्या मोजल्या होत्या का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर कोणाजवळ नसते. शंभर माणसांनी एकच वदंता उच्चारली म्हणून तिचे शंभर पुरावे होत नाहीत. ती एकच वदंता राहते आणि फक्त तिचा आवाज वाढतो. शिवाय ही सार्वत्रिक माहिती सर्वांना सारखी लागू होत नाही, हा तिचा त्याहून मोठा दोष आहे. ज्याचे घर मोठे आणि वर्गणीचा आकडा मोठा, त्याने मंडळाचे पिंप वर्षभर आपल्या वाड्यात वापरले तरी तेही सर्वांना माहीत असते, परंतु त्याला नियमभंग असे नाव कोणी देत नाही. ज्याच्या पाठीशी भावकी नाही, त्याची हरवलेली पळी मात्र सभेत विषय होते. नोटीस, खुलासा आणि चौकशी यांची गरज नेमकी येथे आहे, कारण लेखी आरोप ठेवावयाचा म्हटले की तो सिद्ध होण्याजोगा आहे का आणि हाच आरोप दुसऱ्या कोणावरही ठेवावा लागेल का, हे आरोप करणाऱ्याला आधी स्वतःला विचारावे लागते.

आरोपिताला सभेत बोलावले होते पण तो आला नाही, असे उत्तर यावर मिळते. ते अर्धसत्य आहे. या भागातील कितीतरी सदस्य पहाटे आसनगाव स्थानक गाठून कसारा लोकलने कल्याण, ठाणे, मुंबईकडे कामाला जातात आणि रात्री परततात. सकाळी दवंडीसारखा निरोप फिरवून त्याच संध्याकाळी सभा घेतली, तर ती त्याला वगळूनच घेतलेली सभा ठरते. येथे एका जुन्या वादाची आठवण होते. नोकरीनिमित्त बाहेर असणाऱ्या सदस्यांना मंडळात मत असावे का, यावर पूर्वी कडाक्याचे वाद झाले, आणि जे गावात नाहीत त्यांना गावाचे काय कळते, असे तेव्हा सांगितले गेले. मात्र सभामंडपाचे छप्पर घालताना वर्गणीची यादी त्याच सदस्यांच्या नावांनी सुरू झाली, तेव्हा ही शंका कोणाला आली नाही. जो वर्गणी देताना सदस्य असतो, तो बाजू मांडतानाही सदस्यच असला पाहिजे.

गावचा निवाडा तोंडी होत असे, हा इतिहास नाही. मराठेशाहीत गोतसभा, म्हणजे पाटील, वतनदार, बलुतेदार आदींची न्यायसभा, वाद ऐकण्यापूर्वी निर्णय मान्य करू असा लेख पक्षांकडून घेत असे आणि त्याला राजीनामा म्हणत. दोन्ही पक्षांची कैफियत तकरीर म्हणून लिहून घेतली जाई, निर्णयाचा महजर उपस्थितांच्या निशाण्यांसह तयार होई, आणि हरलेला पक्ष आपली हार मान्य करणारे येजितखत लिहून देई. त्या न्यायात जातीची उतरंड होती आणि तिचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्या काळीही ऐकल्यावाचून आणि लिहिल्यावाचून निवाडा करणे गावाला पुरेसे वाटत नव्हते. कागद गावाला नवा नाही.

मंडळ घरचे आहे म्हणून कायदा दारातच थांबतो, हेही खरे नाही. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० मध्ये वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकलेल्या सदस्याला मताचा हक्क नसतो आणि त्याची गणना सदस्यांत होत नाही. दंड बसवणारी उपविधी, म्हणजे संस्थेने स्वतःपुरता केलेला पोटनियम, मुख्य नियमांत तशी तरतूद नसल्यास खास बोलावलेल्या सभेत उपस्थितांच्या तीनपंचमांश मतांनी करावी लागते. सहकारी संस्थांसाठीच्या १९६० च्या महाराष्ट्र कायद्यात सदस्याला काढण्यासाठी तीनचतुर्थांश बहुमत, सर्वसाधारण सभेपुढे त्याला बाजू मांडण्याची संधी आणि निबंधकाची मान्यता या तिन्ही गोष्टी आवश्यक आहेत. बेळगावच्या एका फ्रीमेसन लॉजमधून काढलेल्या सदस्याचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६३ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध झालेल्या त्या निकालाने लॉजची कारवाई कायम ठेवली आणि त्याचबरोबर अशी संस्था स्वतःच्या नियमांनी काटेकोरपणे बांधलेली असते, असेही सांगितले. नियमाने चाललेल्या संस्थेचा निर्णय न्यायालयात टिकतो, हा धडा नाव कापण्यास उतावीळ झालेल्यांच्याच उपयोगाचा आहे.

एकाला सोडले तर दहा शेफारतात हे खरे, पण चौकशी करणे म्हणजे सोडणे नव्हे.

आता या मताचा सर्वांत वाईट भाग उरतो, तो म्हणजे नाव कापलेल्याशी संबंध तोडण्याचा सल्ला. शहरातील क्लबने एखाद्याला काढले तर तो दुसरा क्लब शोधतो. गावात मंडळाच्या हाती भांडी असतात, मंडप असतो, सप्ताहाची पंगत असते आणि मयताला खांदा देणारी माणसेही तीच असतात. म्हणून टोप परत न केल्याबद्दल कापलेले नाव हळूहळू लेकीच्या हळदीपर्यंत आणि बापाच्या तेराव्यापर्यंत जाऊन पोहोचते. यालाच मराठीत वाळीत टाकणे म्हणतात, आणि त्याला शिस्त हे नाव दिल्याने त्याचा विखार कमी होत नाही. महाराष्ट्राने याविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला, जो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. जात, पोटजात किंवा धर्म यांनी बांधलेल्या समाजाने आपल्या माणसावर बहिष्कार घातल्यास, त्याला सामाजिक सभागृह किंवा स्मशानभूमी नाकारल्यास, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एखादे मंडळ जातीच्या पायावर उभे आहे की नाही हा कायद्याचा प्रश्न झाला. परंतु ज्या गावात शेजारी हाच नातलग असतो, तेथे मंडळाचा बहिष्कार आणि समाजाचा बहिष्कार यांतील भिंत फार पातळ असते.

मग मंडळाने करावे काय? मंडळाची शिक्षा मंडळाच्या वेशीबाहेर जाऊ नये, हे तत्त्व प्रथम मान्य करावे. जो हक्क सदस्यत्वाने मिळाला तेवढाच मंडळाला काढून घेता येतो. शेजार मंडळाने दिलेला नाही, म्हणून तो काढून घेण्याचा अधिकारही त्याला नाही. नियम थोडे असावेत आणि ते लिहून फलकावर लावावेत. तक्रार लेखी घ्यावी, आरोपिताला रविवारची किंवा सुटीच्या दिवसाची तारीख पुरेशी आधी कळवावी, आणि तक्रारदाराने निर्णयाला बसू नये. हरवलेल्या वस्तूची किंमत भरून घेणे, काही काळ भांडी न देणे, पदावरून दूर करणे, अशा चढत्या पायऱ्या असाव्यात आणि सदस्यत्व रद्द करणे ही शेवटची पायरी असावी. दुःखाच्या प्रसंगी मात्र कोणत्याही पायरीवर भांडी अडवू नयेत. ही व्यवस्था सर्व भांडणे मिटवील असा दावा करता येत नाही. तिच्यामुळे अन्याय उघड दिसू लागेल आणि न्याय टिकेल, एवढे निश्चित आहे.

राहिला प्रश्न काढलेल्या सदस्याच्या परतीचा. सहकार कायद्याने काढलेला सदस्यदेखील एरवी एक वर्षानंतर पुन्हा घेता येतो, आणि जुन्या गोतानेही दोषी माणसाला प्रायश्चित्तानंतर पंक्तीत घेण्याची वाट ठेवली होती. नाव कापण्याच्या तत्त्वज्ञानात मात्र ही वाटच नाही, आणि ज्या माणसाला परत येण्याची आशा नाही तो नियम पाळण्याचे कारणही गमावून बसतो. भांड्यांच्या वहीत परतीचा रकाना असतो. सदस्यांच्या वहीतही तो आखला पाहिजे, आणि तेथील सही घेण्यास मंडळाने विसरू नये.