आधारवर वय कमी, म्हणून उपचार कमी?

आपल्या आणे पठारावर म्हाताऱ्या माणसाला वय विचारा. जन्मसाल कोणी सांगत नाही. "बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला होते, पोरगं कडेवर होतं," असं उत्तर येतं. हिशेब सोपा आहे, आजी सत्तरीपार आहे. पण आधार कार्ड म्हणतं, जन्म १ जानेवारी १९६०. म्हणजे खडी फोडताना ती १२ वर्षांची! आधार काढताना कोणीतरी अंदाजे टाकलेली तारीख आता आजीच्या आडवी येते.

कारण २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. उत्पन्नाची अट नाही. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असले तर हे ५ लाख दोघांत मिळून. वय मात्र फक्त आधारवरचंच धरतात.

सत्तरीच्या आतल्यांना काहीच नाही, असंही समजू नका. महात्मा फुले योजनेत १ जुलै २०२४ पासून पिवळं, केशरी, पांढरं, कोणतंही रेशनकार्ड चालतं आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे.

आता घोळ कुठं होतो ते सांगतो. योजना चालते ती यादीतल्या दवाखान्यात, यादीतल्या उपचाराला आणि तेही ॲडमिट झाल्यावर. बीपी-शुगरच्या दर महिन्याच्या गोळ्या त्यात नाहीत. त्यामुळे आळेफाटा, नारायणगाव, मंचर, पुणे, कुठंही पेशंट न्या, आधी विचारा, "योजना इथं आहे का? आरोग्यमित्र कुठं बसतो?" बिल भरून झाल्यावर योजना आठवून उपयोग नाही. जवळचा यादीतला दवाखाना १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन करून आधीच विचारून ठेवा.

आणि दिव्यांगांचं काय? सत्तरीच्या माणसाला स्वतःचं वेगळं कवच मिळालं, हे चांगलंच झालं. पण चाळिशीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरच्या ५ लाखांतच वाटा. निरामय योजनेत १ लाखाचा विमा आहे, त्यात ओपीडी आणि थेरपीही येते. पण तो फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांनाच. २०१६ चा कायदा मात्र २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो. मग उरलेल्यांनी काय करायचं? वय बघून कार्ड देता येतं, तर यूडीआयडी बघूनही देता आलं पाहिजे. ते कार्ड सरकारनंच तपासून दिलेलं आहे.

माझ्या मते तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक, आणे, पेमदरा, नळवणे, शिंदेवाडी इथं ग्रामपंचायतींनी कार्डाचं शिबिर घ्यावं. कष्ट करून बोटांचे ठसे झिजलेत त्यांचं काम चेहरा दाखवून करावं, ती सोय ॲपमध्ये आहे. दोन, यादीतल्या दवाखान्यांची नावं चावडीवर लावावीत. तीन, जन्माचा दाखला नसलेल्यांचं वय जुन्या मतदार यादीवरून धरावं. ज्या यादीवर मतं घेतली, ती वयाला का चालू नये?

पहिल्या दोन गोष्टींना मुंबई-दिल्लीची परवानगी लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत विषय मांडा. आणि आज घरी गेल्यावर आई-वडिलांचं आधार काढून जन्मतारीख तेवढी बघा.