पेरीसाहेबांचें अध्यासन आणि सोलापूरचें वसतिगृह

इंग्रजी विद्येचा विषय निघाला कीं आमच्या सुशिक्षित मंडळींच्या मुखांतून एक ठराविक सिद्धान्त बाहेर पडतो : इंग्रज आले, त्यांनीं शाळा-कॉलेजें काढलीं आणि ज्ञानाचें द्वार सर्वांस सारखें खुलें झालें. या सिद्धान्ताच्या पुष्ट्यर्थ डॉ. भीमराव आंबेडकर यांचें उदाहरण मोठ्या उत्साहानें पुढें करण्यांत येतें. महार कुळांत जन्मलेला मुलगा बॅरिस्टर होतो, मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजाचा प्रिन्सिपॉल होतो, याहून मोठा पुरावा तो कोणता, असा प्रश्न विचारला जातो. आम्ही आयुष्यभर इंग्रजी विद्येचेंच अन्न खाल्लें आहे. तिच्याविषयीं कृतघ्न होण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. परंतु हें उदाहरण ज्या सिद्धान्तासाठीं देण्यांत येतें, त्याचाच तें उच्छेद करतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

डॉ. आंबेडकर १९३५ च्या जून महिन्यांत प्रिन्सिपॉल झाले. त्याच सुमारास न्यायशास्त्राच्या ‘पेरी प्रोफेसर’ या अध्यासनावरहि त्यांची नेमणूक झाली. हे पेरी कोण, याची चौकशी आमचे चरित्रकार सहसा करीत नाहींत. सर अर्स्किन पेरी हे इंग्लंडांतील बॅरिस्टर. १८४१ सालीं ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश म्हणून आले, पुढें मुख्य न्यायाधीश झाले, आणि १८५२ पर्यंत सुमारें दहा वर्षें या इलाख्याच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे अध्यक्ष होते. शिक्षणाचें माध्यम इंग्रजी असावें कीं देशी भाषा, या प्रसिद्ध वादांत त्यांनीं इंग्रजीचा कैवार घेतला. समोर कर्नल जर्व्हिस यांच्या बाजूस जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मकबा उभे होते. पेरी स्वदेशीं परत निघाले तेव्हां लोकांनीं त्यांच्या गौरवार्थ मोठी वर्गणी जमविली. तो पैसा कायद्याच्या अध्यासनाकडे लावावा, ही इच्छा खुद्द पेरींचीच. १८५५ सालीं सुरू झालेल्या सरकारी लॉ स्कुलाशीं त्यांचें नांव जोडलें गेलें तें यामुळें. ही निःस्पृहता वाखाणण्यासारखी आहे, आणि ती आम्ही मोकळ्या मनानें वाखाणतों.

परंतु दानपत्र वाचावें तसा दात्याचा जमाखर्चहि वाचावा. पेरींच्या अध्यक्षपदाच्या काळांतील, १८५०-५१ चा बोर्डाचा अहवाल काय सांगतो? सरकारजवळ पैसा थोडा; म्हणून तो वरिष्ठ वर्गांच्या शिक्षणावर खर्चावा, आणि विद्या त्यांच्याकडून कालांतरानें खालीं झिरपेल. हे वरिष्ठ वर्ग कोणते, याचीहि अहवालांत गणना आहे : जमीनदार व जहागीरदार, धनिक व्यापारी, सरकारचे बडे नोकर आणि ब्राह्मण, ब्राह्मणांच्या मागें, बऱ्याच अंतरानें, प्रभु-शेणवी यांसारख्या लेखणीवर जगणाऱ्या जाती. यांपैकीं सरकारच्या कामास सर्वांत सोयीस्कर वर्ग ब्राह्मणांचा, असा निष्कर्षहि तेथेंच आहे. खालच्या जातींस विशेष उत्तेजन देण्याविषयीं मात्र सावधगिरीचा इशारा. वाचकहो, या झिरपण्याची फळें ज्या घरांनीं प्रथम चाखलीं, त्यांत हें मासिक वाचणारीं पुष्कळ घरें आहेत. म्हणूनच ही गोष्ट येथें सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

हें पाणी खालीं किती झिरपलें? पेरी गेल्यानंतर चारच वर्षांनीं, १८५६ सालीं, धारवाडच्या सरकारी शाळेंत एका महार मुलानें प्रवेश मागितला. एका विद्यार्थ्यासाठीं इतर साऱ्यांनीं शाळा सोडावी हें इष्ट नव्हे, अशा आशयाचें कारण दाखवून मुंबई सरकारनें त्याची बाजू घेण्याचें नाकारलें. बोर्डाचे अहवाल व हें धारवाडचें प्रकरण जुन्या दप्तरांतून उकरून काढून १९२८ सालीं सायमन कमिशनपुढें ठेवलें, तें कोणीं? बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीनें स्वतः डॉ. आंबेडकरांनीं. म्हणजे ज्या बोर्डाच्या धोरणावर त्यांनीं आरोपपत्र लिहिलें, त्याच बोर्डाच्या अध्यक्षाच्या नांवाच्या अध्यासनावर सात वर्षांनीं ते बसले. याला इंग्रजी धोरणाचें फळ म्हणावयाचें असेल, तर कुंपण चढून आंत आलेल्या माणसास माळ्यानें आमंत्रण दिलें होतें, असेंहि म्हणावें लागेल.

दुसरा एक पक्ष म्हणतो कीं, हें सारें यश आश्रयदात्यांचें. सयाजीराव महाराजांनीं अमेरिकेस पाठविलें, शाहू महाराजांनीं विलायतेच्या शिक्षणास हातभार लावला. हें अगदीं खरें आहे, आणि त्या दोघां नरपतींचें ऋण मोठें आहे. परंतु आश्रय म्हणजे योग्यता नव्हे. पुष्कळांस शिष्यवृत्त्या मिळाल्या. त्यांतून कोलंबिया व लंडन येथील पदव्या आणि ग्रेज इनची सनद घेऊन किती परतले? शिवाय पदवीनें त्यांस खुर्ची दिली, पाणी दिलें नाहीं. १९१८ सालीं ते सिडनहॅम कॉलेजांत प्रोफेसर झाले, तेव्हां प्राध्यापकांसाठीं ठेवलेल्या भांड्यांतून त्यांनीं पाणी घेण्यास कांहीं सहकाऱ्यांनीं हरकत घेतली. हे सहकारी अडाणी खेडवळ नव्हते. ते आमच्यासारखेच इंग्रजी शिकलेले पदवीधर होते. विद्येनें मन आपोआप उदार होतें, असें म्हणणाऱ्यांनीं याचें उत्तर द्यावें.

मग डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणकार्याचा खरा आरंभ कोठें शोधावा? आम्ही हें सोलापूरच्या नवी पेठेंत बसून लिहीत आहों, आणि आमचें उत्तर असें कीं, तो याच शहरांत शोधावा. २० जुलै १९२४ रोजीं मुंबईंत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सर चिमणलाल सेटलवाड अध्यक्ष; उपाध्यक्षांत रँग्लर परांजपे आणि बाळ गंगाधर खेर. आणि ४ जानेवारी १९२५ रोजीं या सभेनें सोलापुरांत हायस्कुलांतील मुलांसाठीं वसतिगृह उघडलें. त्या वेळीं या शहरांत कॉलेज नव्हतें. दयानंद कॉलेज निघालें तें १९४० सालीं. कॉलेजाच्या आधीं वसतिगृह, हा क्रम पुष्कळांस उलटा वाटेल. आमच्या मतें तोच सुलटा आहे.

कारण साधें आहे. आमच्या घरचें मूल पुण्या-मुंबईस शिकावयास निघालें कीं पहिला प्रश्न कोणता उभा राहतो? कॉलेजाची कीर्ति नव्हे. तें राहील कोठें आणि जेवेल कोठें, हा. आमच्या पूर्वजांनीं तो नातलगांच्या ओसरीवर आणि वार लावून सोडविला. ज्याचा नातलग शहरांत गिरणीच्या चाळींतल्या एका खोलींत दाटीवाटीनें राहतो, आणि ज्याला वाराचें ताट कोणी वाढणार नाहीं, त्याच्यापुढें शाळेचें दार सताड उघडें असलें तरी तें बंदच. पेरींच्या बोर्डानें दाराचा विचार केला. वसतिगृह उघडणाऱ्यांनीं दारापर्यंत पोंचणाऱ्या मुलाचा केला.

प्रिन्सिपॉलपद ही सरकारी मेहेरबानी होती आणि तिनें ते सरकारचे बांधील झाले, असाहि एक आक्षेप ऐकूं येतो. त्या पदावर असतांनाच, १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं, त्यांनीं येवल्यास हिंदु म्हणून मरणार नाहीं ही घोषणा केली. त्या पदावर असतांनाच १९३६ सालीं स्वतंत्र मजूर पक्ष काढला. बांधील माणसाचीं हीं लक्षणें नव्हत. १९३८ सालीं त्यांनीं तें पद सोडलें. पुढें १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ सालीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज, आणि १९५० सालीं औरंगाबादेस, मराठवाड्याच्या मागासलेल्या मुलखांत, नवें कॉलेज. हा ओघ पेरींच्या अध्यासनांतून निघालेला नाहीं. तो सोलापूरच्या वसतिगृहांतून निघालेला आहे.

पेरींचें नांव पुसून टाकावें, असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांनीं दिलेलें दान कायद्याच्या विद्यार्थ्यांस उपयोगी पडलें, आणि अखेर त्या अध्यासनावर असा पुरुष बसला कीं त्यामुळें अध्यासनाचीच शोभा वाढली. आमचें भांडण आहे तें जमाखर्चाच्या लबाडीशीं. ज्यांनीं दार अरुंद ठेवलें त्यांच्या नांवें श्रेय, आणि ज्यांनीं तें रुंद केलें त्यांचा उल्लेख तळटीपेंत, हा हिशेब सुशिक्षितांस शोभत नाहीं.

त्या वसतिगृहाच्या आरंभास शंभर वर्षें उलटून गेलीं. आज या शहरांत कॉलेजें आहेत, आणि त्यांच्या निकालांच्या टक्केवाऱ्या आम्ही हौसेनें वाचतों. आमची सूचना एवढीच कीं, यापुढें कोणत्याहि विद्यालयाची थोरवी ऐकूं आली, तर वाचकांनीं तेथील चालकांस आणखी एक प्रश्न विचारावा : बाहेरगांवच्या गरीब मुलाची किंवा मुलीची राहण्या-जेवणाची सोय तुमच्याकडे किती जणांपुरती आहे? जें उत्तर येईल, त्यावरून त्या विद्यालयाची किंमत करावी.