घर बघायचं तर पाण्याच्या वेळेला

आयटीत दोन-चार वर्षं काढलेल्या कुठल्याही माणसाचं 'कस्टमर सर्व्हिस'वर एखादं तरी ट्रेनिंग झालेलं असतं. एसी हॉल, फुकटचं जेवण, जेवणानंतरची पेंग आणि समोरच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात 'ग्राहक हा राजा आहे'. शेवटी फीडबॅक फॉर्ममध्ये पाचपैकी पाच द्यायचे, कारण कमी दिले तर का दिले ते लिहावं लागतं :) माझी अशी तीन ट्रेनिंगं झाली आहेत. पण ग्राहकसेवा म्हणजे काय हे मला कळलं ते राजारामपुरीत, भाड्याचं घर शोधताना. शिकवणारा माणूस बारावी पास आहे आणि 'कस्टमर डिलाइट' हा शब्द त्याने बहुतेक ऐकलेलाही नाही.

तर मंडळी, संदर्भ असा. बायकोला कोल्हापुरात नोकरी लागली, माझं काम बरंचसं घरूनच चालतं, म्हणून पुण्यातून बिऱ्हाड हलवायचं ठरलं. राजारामपुरी आम्हा इंजिनिअर लोकांना आवडावी अशीच आहे. इथे गल्ल्या नंबरांनी ओळखतात. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, असं सरळ मोजत जायचं. इंडेक्स शून्यापासून सुरू होत नाही, एवढाच काय तो बग.

एजंटाचं ऑफिस म्हणजे एक शटरचा गाळा, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक जाडजूड डायरी. सगळे त्याला काका म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. घरं शोधायच्या वेबसाइटवर मला आजवर दोनच गोष्टी विचारल्या गेल्या होत्या: बजेट किती आणि किती बीएचके. काकांनी बजेट सगळ्यात शेवटी विचारलं. आधी काय, तर मॅडमची ड्यूटी किती वाजता, आईवडील येऊन-जाऊन असतात का, त्यांना जिना चढवतो का, रात्री उशिरापर्यंत कॉल असतात का. आमच्याकडे याला 'रिक्वायरमेंट गॅदरिंग' म्हणतात आणि त्यासाठी वेगळा माणूस ठेवतात.

मी शनिवारी दुपारी घरं बघायला येतो म्हणालो, तर काका म्हणाले, "दुपारी सगळीच घरं चांगली दिसतात ओ. सकाळी या, पाण्याच्या वेळेला. वरच्या मजल्यावर धार कशी येती ते बघा, मग बोलू." २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट पाइपलाइनने शहरात पोचलं खरं, पण धरणातून शहरात येणं वेगळं आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला येणं वेगळं. डायरीत प्रत्येक घरापुढे भाड्याच्या आकड्याशेजारी पाण्याची वेळ लिहिलेली होती. मेन रोडजवळच्या एका घरापुढे लिहिलं होतं, 'गणपती, डॉल्बी'. राजारामपुरीतली गणेश आगमनाची मिरवणूक ज्यांनी पाहिली आहे (खरं तर ऐकली आहे), त्यांना याचा अर्थ सांगायला नको.

पण मला खरा धक्का बसला तो नागाळा पार्कमधल्या फ्लॅटला. मोठा हॉल, झाडं, भाडं आमच्या बजेटच्या जरा वर. आम्ही जवळजवळ हो म्हणालो होतो. काकाच म्हणाले, "फ्लॅट झकास हाय. पण एकोणीसला या पार्किंगमध्ये पाणी होतं. एकवीसलापण आलं. तुम्ही विचारलं नाही, पण मला सांगायला पाहिजे." २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या महापुराचं पाणी नागाळा पार्क, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर अशा भागांत शिरलं होतं. पुणे-बंगळूर हायवेसुद्धा शिरोलीजवळ बंद पडला होता. पेपरात आम्ही हे वाचलेलं होतं, पण रंग दिलेल्या भिंतीवर पुराची खूण दिसत नाही.

आता जरा हिशोब करा. एजंटाला साधारण एका महिन्याचं भाडं मिळतं. म्हणजे त्या एका वाक्याने काकांनी स्वतःची मोठी दलाली घालवली आणि पुढे राजारामपुरीतल्या छोट्या घराची छोटी दलाली घेतली. का? मी विचारलंच. त्यांनी दिलेलं उत्तर तीन ट्रेनिंगांत मिळून मला मिळालं नव्हतं: "उद्या तुम्ही मला जनता बाजारच्या चौकात भेटणार. पुढच्या पावसाळ्यात तोंड कुठं लपवू?"

माझा मुद्दा इथेच आहे. काका काही संत नाहीत. दलालीत त्यांनी शंभर रुपयेही सोडले नाहीत. पण त्यांनी दिलेल्या सल्ल्याचं पुढे काय झालं हे त्यांना रोज रस्त्यात भेटतं. पुण्यात एका एजंटाने पैसे घेतल्यावर तिसऱ्या दिवसापासून माझा फोन उचलला नव्हता. तो माणूस काकांपेक्षा वाईट होता असं मला वाटत नाही. त्या शहरात मी त्याला पुन्हा भेटणार नव्हतो, एवढंच.

आणि आपण आयटीवाले काय वेगळं करतो? तिकीट येतं, एसएलएच्या आत उत्तर जातं, स्टेटस 'रिझॉल्व्ड', डॅशबोर्ड हिरवा. ज्याने कोड लिहिला त्याला तो वापरणारा माणूस आयुष्यात कधी भेटत नाही. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही हे आपल्यालाही डेमोच्या आधी माहीत असतं, पण आपण डेमो दुपारी ठेवतो.

काकांचा दुसरा हट्ट कागदाचा. "अकरा महिन्यांचा करार, शंभराच्या स्टॅम्पवर उरकून टाकू," असं घरमालक म्हणत होते. काका ऐकेनात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, मग तो कितीही महिन्यांचा असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे ऐकल्यावर मालकही लगेच तयार झाले. दोन्ही बाजूंना ओळखणारा माणूस कागदाचा आग्रह धरतो, कारण भांडण झालं तर दोघंही त्याच्याच गाळ्यात येणार.

इथपर्यंत वाचून कुणी 'छोट्या शहराचं मोठं मन' वगैरे म्हणणार असेल, तर थांबा. त्याच डायरीत 'बॅचलर नको' आणि 'फक्त शाकाहारी' असंही लिहिलेलं होतं. बजेट शेवटी विचारणाऱ्या काकांनी आडनाव मात्र पहिल्या मिनिटाला विचारलं होतं. माझ्या एका मुस्लिम मित्राला, पगार माझ्याइतकाच असून, याच शहरात घर मिळायला तीन महिने लागले. काकांना मी हे बोललो तर ते म्हणाले, "मालक नाही म्हणतात, मी काय करू?" तुम्ही विचारलं नाही तरी मला सांगायला पाहिजे, असं म्हणणारा माणूस इथे मालकाला काहीच सांगत नाही. कारण साधं आहे. ज्याला घर मिळालंच नाही, तो जनता बाजारच्या चौकात भेटत नाही.

म्हणून ओळखीच्या जोरावर चालणारी सेवा कितीही गोड असली तरी ती पुरत नाही. जो ओळखीच्या बाहेर आहे त्याला नियम लागतो. २०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू झाला. नव्या प्रकल्पांतली घरं विकणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची झाली, खोटी माहिती द्यायला बंदी आली, आणि २०२३ पासून महाराष्ट्रात त्यांना परीक्षाही द्यावी लागते. पण भाड्याची घरं त्यात येत नाहीत, आणि आडनाव विचारू नये असा धडा त्या कायद्यात नाही. तो आपल्यालाच शिकवावा लागेल, आणि सुरुवात भाडेकरू म्हणून नाही, तर उद्या फ्लॅट घेऊन आपण मालक होऊ तेव्हा करावी लागेल. तेव्हा एजंटाच्या डायरीत आपल्या घरापुढे काय लिहिलं जाणार, हे आपल्याच हातात असेल.

असो. आमच्या टीमपुरता मी एक बदल सुचवला आणि तो मान्यही झाला. रिलीज नोटमध्ये 'काय चालणार नाही' हा रकाना आता सगळ्यात वर असतो, क्लायंटने विचारलं नसलं तरी. मॅनेजरने त्या रकान्याला 'नोन लिमिटेशन्स' असं भारदस्त नाव दिलंय. आम्ही आपले त्याला 'पाण्याची वेळ' म्हणतो.