रेंजमध्ये नसलेल्यांचं तिकीट

22 सप्टेंबर 2024, रविवार. पोस्टवर रविवार ओळखायची एकच खूण, दुपारच्या जेवणात चिकन. त्या दिवशी मात्र बाराच्या सुमारास पाण्याच्या टाकीमागे ही गर्दी. आमच्याकडे मोबाईलला रेंज मिळते ती तिथल्या एका दगडावर, तीही उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं तर. दगडावर उभा होता आमचा रेडिओ ऑपरेटर, कोल्हापूरकडचा, वय चोवीस. हातात फोन आणि चेहरा असा, की मला वाटलं घरून काही वाईट बातमी आली.

बातमी वगैरे काही नव्हती. कोल्डप्लेच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बारा वाजता ऑनलाइन खुली झाली होती. त्याची धाकटी बहीण मुंबईत नर्सिंग शिकते. तिच्या हॉस्टेलच्या वायफायवर भरवसा नाही म्हणून तिनं भावाला सांगितलं होतं, "दादा, तूही लाव." भावाचा फोन काश्मीरमधल्या एका दगडावर. पान उघडायलाच वीस मिनिटं गेली. उघडलं तेव्हा रांगेतला नंबर आला काही लाखांतला. मग फोनच गरम होऊन बंद पडला.

त्याच वेळी पुण्यात माझी सोळा वर्षांची मुलगी लॅपटॉप, आईचा फोन आणि स्वतःचा फोन अशा तीन आघाड्यांवर लढत होती. घरी फायबरचं कनेक्शन. तिचाही नंबर लाखांतच. संध्याकाळी तिचा रडवेला आवाज ऐकला आणि बाप म्हणून जे केलं ते लिहून टाकतो. मुंबईत एक कोर्समेट आहे, खडकवासल्याला तीन वर्षं एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो. सेवेतून लवकर बाहेर पडला, आता अशा लोकांत उठबस असते. त्याला मेसेज टाकला. आठवड्याभरात उत्तर आलं, "झालं समज. दोन पास. वहिनींना पत्ता पाठवायला सांग."

दोन दिवसांनी ऑपरेटरनं सहज विचारलं, "साहेब, ताईंचं झालं का तिकिटाचं?"

"झालं," म्हटलं.

"बरं झालं साहेब," एवढंच म्हणाला आणि सेटच्या बॅटऱ्या बदलायला गेला. कसं झालं, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

त्या विक्रीची गोष्ट तुम्ही वाचली असेलच. एक कोटीहून जास्त लोक एकाच वेळी रांगेत होते, तिकिटं पाहता पाहता संपली आणि अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत किंमत असलेली तिकिटं दुसऱ्या साइटवर लाखांत दिसू लागली. दिलजीत दोसांझच्या कार्यक्रमांचंही तेच, आणि मग ईडीचे छापे. आमच्या लहानपणी थेटराबाहेर "दस का बीस" कुजबुजणारा माणूस निदान समोर उभा असायचा. त्याची गचांडी धरता यायची.

पण काळाबाजार हा मला यातला सोपा भाग वाटतो. तो चूक आहे हे सगळ्यांना मान्य आहे. मला बोलायचंय ते सगळ्यांना बरोबर वाटणाऱ्या गोष्टीबद्दल: जो आधी येईल त्याला आधी. फौजेत आमचा या नियमावर फार जीव. लंगरची रांग, कॅन्टीनची रांग, कटिंगची रांग. रांग लावली की न्याय झाला. आणि तो होतोही, कारण आमच्या रांगेत सगळे एकाच बराकीतून, एकाच वेळी निघालेले असतात. ऑनलाइन रांगेत तसं नसतं. तिथे माझी मुलगी बराकीच्या दारापासून निघते आणि ऑपरेटरची बहीण दोन डोंगर पलीकडून. बाराच्या ठोक्याला शिट्टी दोघींना सारखीच ऐकू येते, एवढीच समानता. वॉर्डात ड्यूटीवर असलेली नर्स, एसटी चालवणारा ड्रायव्हर, पोस्टवरचा संत्री, यांच्यासाठी रविवारी दुपारी बारा ही वेळच नसते.

मग तिकीट कुणाला द्यावं? जास्त पैसे देईल त्याला, असं अर्थशास्त्र शिकलेले माझे एक मित्र म्हणतात. त्यानं काळाबाजार संपेल हे खरं, कारण काळाबाजारवाल्याचं काम आयोजकच करतील. जास्त रसिक असेल त्याला? ते मोजणार कोण? पंडित भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना 1933 मध्ये गदगहून घर सोडून निघाले ते गुरूच्या शोधात, आणि आगगाडीनं बिनतिकीट. फिरत फिरत जालंधरला पोचले. तिथे विनायकराव पटवर्धन भेटले आणि म्हणाले, गुरू तर तुझ्या घराजवळच आहे, सवाई गंधर्वांकडे जा. पुढे 1953 मध्ये त्याच गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात महोत्सव सुरू झाला. त्या अकरा वर्षांच्या पोराची रसिकता कुठल्या साइटनं ओळखली असती?

जालंधरला माझंही पोस्टिंग झालंय. तिथलं हरिवल्लभ संगीत संमेलन 1875 पासून चालू आहे, आणि प्रवेश सर्वांना मोफत. डिसेंबरअखेरची पंजाबची थंडी, देवी तलावाचा परिसर, गोधड्या-ब्लँकेटं घेऊन बसलेले म्हातारे सरदारजी. एका जागी शेतकरी आणि कर्नल मांडीला मांडी लावून बसलेले मी तिथे पाहिलेत. पण सगळंच मोफत ठेवा म्हणणं हे उत्तर नव्हे. जागा मोजक्या आणि माणसं लाखो, की मोफत गोष्टीचीही वाटणी करावीच लागते.

आणि मोफतमध्येही पास असतोच. दुसऱ्या एका शहरात, नाव सांगत नाही, असंच मोठं संमेलन होतं. छावणीत पुढच्या सोफ्यांचे पास यायचे. मी गेलो, बरोबर ड्रायव्हर होता, गडवालचा, उत्तम ढोलक वाजवणारा. मी सोफ्यावर, तो शेवटी कनातीला टेकून उभा. आमच्या ओळीतले निम्मे सोफे रात्रभर रिकामे होते. परतताना त्यानं मला सांगितलं की तबलजीनं दुसऱ्या गाण्यात एक तिहाई कशी धरली. मी तेव्हा बहुधा चहा घेत होतो.

बडा खान्याला आम्ही अधिकारी जवानांना वाढतो, त्याचे फोटो घरी पाठवतो. सोफ्याच्या पासाचं काय करायचं, हे मात्र आम्हाला कुठल्या अकादमीत शिकवलेलं नाही.

माझं मत असं, की जागांहून माणसं फार जास्त असतील तिथे रांग मोडावी आणि सोडत काढावी. हे काही परकं नाही. म्हाडाच्या घरांची सोडत आपण पिढ्यान् पिढ्या बघतोय. कैलास-मानसरोवरची यात्रा 2025 मध्ये पुन्हा सुरू झाली तेव्हा लिपुलेख आणि नाथू ला मिळून 750 यात्रेकरू परराष्ट्र मंत्रालयानं संगणकाच्या सोडतीनंच निवडले. देवाच्या दारी जायला चिठ्ठी चालते, तर गाण्याला का चालू नये? आठ-दहा दिवस अर्ज घ्यावेत. त्या दहा दिवसांत ऑपरेटरला कधीतरी रेंज मिळतेच. इंग्लंडमधल्या ग्लास्टनबरी महोत्सवात आधी फोटोसह नोंदणी करावी लागते, तिकिटावर तोच फोटो असतो, ते दुसऱ्याला देता येत नाही. जमत नसेल तर आयोजकांना परत करायचं, तेच पुन्हा विकतात. इतकं केलं तरी पन्नास नावांनी अर्ज भरणाऱ्या दलालाची पंचाईत होते.

सोडतीत खरा वेडा रसिक राहून जाईल आणि कुणीतरी हौशी आत जाईल, हा आक्षेप मला मान्य आहे. आजही तेच होतं, फक्त हरणाऱ्याला वाटतं आपलाच हात हळू चालला. माझी मुलगी तीन दिवस स्वतःला दोष देत होती.

काहीजण म्हणतील, सैनिकांसाठी राखीव कोटा ठेवा. मला तो नको. कोटा आला की त्याचे पास छावणीत येणार, आणि छावणीत आले की ते कुठल्या टेबलापर्यंत पोचतात आणि कुठल्या बराकीपर्यंत नाही, हे मी वीस वर्षं पाहतोय. त्यापेक्षा आयोजकांनी एवढंच जाहीर करावं, की एकूण जागा किती आणि त्यांतल्या किती विक्रीला आल्याच नाहीत. हा आकडा समोर आला की रांगेतल्या माणसाला निदान कळेल तो कितीजणांशी लढत होता.

मग तुम्ही तुमचे दोन पास परत केलेत का, असं कुणी विचारील. नाही केले. पत्नीला फोनवर एकदा म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "वर्षातले दहा महिने तुम्ही नसता. हे एक तिला मिळतंय, ते तत्त्वात घालवू नका." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

जानेवारीत दोघी जाऊन आल्या. लेक खूश होती, मात्र पुढच्या जागांवरचे लोक सारखे मोबाईलवर होते म्हणून चिडलीही होती. 26 जानेवारीला सकाळी पोस्टवर झेंडा झाला, आणि त्याच संध्याकाळचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाईलवर थेट दाखवला. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरला विचारलं, बहिणीनं पाहिला का.

"पाहिला साहेब, हॉस्टेलमध्ये सगळ्या मिळून. एकाच फोनवर. मधेमधे अडकत होता म्हणे."